कच्च्या मडक्यातले पाणी

पूर्णेच्या काठी कुरुंदखेड नावाचे एक लहानसे गाव होते. श्री केवलनाथ महाराज तेथे येऊन राहिले आणि त्या आडगावाला तीर्थाची कळा आली. गावाबाहेर करंजीच्या झाडाखाली महाराजांची झोपडी. अंगावर घोंगडी, मुखी अखंड नाम. येईल त्याला ते आधी विचारीत, "जेवलास का रे बाळा?" त्या एवढ्याशा प्रश्नाने कित्येकांचे डोळे भरून येत.

त्याच गावात तान्हाबाई कुंभारीण राहत असे. धनी वारलेला, पोटी लेकरू नाही. बाईमाणसाने चाकाला हात लावू नये असे लोक म्हणत. पण पोट कोणाचे ऐकते? नवऱ्यामागे तिने चाक हाती घेतले. घागरी, पणत्या, पोळ्याचे बैल आणि चिलमी ती घडवी. चिलमींना तर फार मागणी. गावचे हैबतराव देशमुख गांजाचे मोठे शौकीन. त्यांच्या माडीमागच्या आमराईत दर संध्याकाळी बैठक बसे आणि गावातली तरणी पोरेही तिथे जाऊन बसत. "कैलासपतीचा प्रसाद आहे, घ्या रे!" असे म्हणून हैबतराव स्वतः चिलीम त्यांच्यापुढे करीत.

एका बाजाराच्या दिवशी हैबतरावांचा एकुलता मुलगा रायाजी तान्हाबाईच्या पालापाशी आला. मिसरूड नुकते फुटलेले. आखाड्यात त्याच्याकडून गावाला केवढी आशा!

"तान्हाकाकू, एक चांगली चिलीम दे."

"मालकांसाठी का रे?"

"नाही गं. आबांची वेगळी. ही माझी."

तिने चिलीम दिली, आणि ती घेताना त्याचा हात थरथरलेला तिला दिसला. डोळे लाल, गाल बसलेले. पोळ्याला तिच्या अंगणात मांडी घालून मातीच्या बैलांना कुंकू लावणारा पोर तो हाच! दिवसभर तान्हाबाईला घास गोड लागला नाही. संध्याकाळी ती महाराजांपुढे जाऊन बसली.

"महाराज, माझ्या हातून पाप घडतंय का?"

महाराज होयही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तान्हाई, तुझ्या घागरीतलं गार पाणी प्यायलं की आम्हाला तुझी आठवण होते. तुझी चिलीम ओढणाऱ्या पोराच्या आईला कोणाची आठवण होत असेल?"

तान्हाबाई रडत घरी गेली. वाळत घातलेल्या साऱ्या चिलमी तिने पाण्यात टाकल्या आणि तुडवून त्यांचा पुन्हा चिखल केला.

शिवरात्र जवळ आली तेव्हा हैबतरावांचा निरोप आला, "यात्रेसाठी चिलमी पाहिजेत." तान्हाबाईने सांगून पाठवले, "मालक, माझ्या हातून आता चिलीम घडायची न्हाई."

हैबतराव तडक निघाले. तान्हाबाई महाराजांच्या झोपडीपाशी भजनाला आली होती, तिथेच त्यांनी तिला गाठले.

"काय गं, आता कुंभारणीने आम्हाला धर्म शिकवायचा का?" ते गरजले. बरोबरचे लोक खो खो हसले, भजनाला जमलेले गावकरीही हसले. "भजन करून पोट भरतं का बघ. माझ्या मळ्यातल्या खाणीची माती तुला उद्यापासून बंद!"

गावात दुसरी चिकणमाती नव्हती. महाराज शांतपणे म्हणाले, "देशमुख, चिलमीपायी त्या भोळ्या शंकराचं नाव कशाला घेता? तो विष प्याला, ते जगाला वाचवायला. जगाला पाजायला नव्हे."

"बुवा, तुम्ही मागून खाता. गाव आम्ही पोसतो," असे म्हणून हैबतराव पाठ फिरवून गेले.

तान्हाबाई हुंदके देऊ लागली. महाराजांनी विचारले, "घरी माती किती उरली आहे?"

"चिलमींचा चिखल आहे तेवढाच, महाराज."

"मग त्याचं एक मडकं कर. भाजू मात्र नकोस."

का, म्हणून तिने विचारले नाही. तिने मडके घडवले आणि ओसरीत सावलीला ठेवले.

शिवरात्रीच्या दिवशी दुपारी देशमुखांच्या माडीत आकांत उसळला! नशा जोरात यावी म्हणून कोणीतरी गांजात धोतऱ्याचे बी मिसळले होते. रायाजी आधी भिंतीशी बोलू लागला, मग आईलाच ओळखेना, आणि बघता बघता लाकडासारखा पडला. वैद्यांनी नाडी धरली आणि मान खाली घातली. हैबतराव तसेच अनवाणी झोपडीकडे धावले.

"महाराज, माझं पोर गेलं हो!"

महाराज लगेच उठले. वाटेत तान्हाबाईच्या दारात थांबून म्हणाले, "तान्हाई, ते मडकं घे. नदीचं पाणी भरून माडीवर ये."

तान्हाबाईने मागे उभ्या हैबतरावांकडे पाहिले. ज्याने आपली भाकरी तोडली त्याच्या दारी पाणी घेऊन जायचे? क्षणभर तिचा पाय उचलेना. मग तिच्या डोळ्यांपुढे रायाजीचा तो थरथरता हात आला. तिने मडके उचलले.

नदीवर धुणे धुणाऱ्या बाया हसू लागल्या. "अगं बाई, कच्च्या मडक्यात पाणी? घरी जाईस्तोवर चिखल होईल!" तान्हाबाईलाही ते ठाऊक होतेच. सारा जन्म तिचा मातीत गेला होता. तिने डोळे मिटून गुरूंचे नाव घेतले, मडके पाण्यात बुडवले आणि कडेवर घेतले. माती मऊ पडली, बोटे आत रुतली. आता फुटेल, मग फुटेल, असे म्हणत ती चढण चढली. पण काय सांगावे त्या कृपेचे कौतुक! एक थेंबही खाली सांडला नाही!

माडीवर हैबतरावांनी घाईने चांदीचा पेला पुढे केला. महाराजांनी तो बाजूला सारला. तान्हाबाईच्या मडक्यातले पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी रायाजीच्या ओठांना लावले आणि कपाळावरून हात फिरवला. पोराच्या पापण्या हलल्या.

"आई... तहान लागली गं."

माउलीने हंबरडाच फोडला! हैबतराव महाराजांच्या पायांशी कोसळले. "महाराज, पहिला झुरका त्याने माझ्यासमोर घेतला होता. ठसका लागला, तर मी हसलो. पोर मोठं झालं म्हणालो."

महाराजांनी त्यांना उठवले. "देशमुख, देवाने पोर परत दिलं. ते पुन्हा चिलमीला द्यायचं की नाही, हे तुमच्या हाती आहे. आता त्याला तलफ येईल. अंग मोडेल, झोप उडेल, तुम्हाला वाटेल ते बोलेल. मारू नका, लपवू नका. वैद्याला बोलवा आणि स्वतः जवळ बसा. बाप जवळ असला तर पोर तरून जाईल."

हैबतरावांनी ते शब्द जिवाशी धरले. आमराईतली बैठक मोडली. रायाजी ओरडला, दोनदा घरातून पळाला. दोन्ही वेळा बापाने शोधून आणले आणि न बोलता जेवायला वाढले. हळूहळू पोराच्या अंगात बळ आले. पुढे तोच गावातल्या पोरांना आखाड्यात बोलावून आपली गत सांगू लागला. "एकदाच म्हणून घेतली होती रे मी," असे तो सांगे.

आणि हैबतराव? एके सकाळी ते तान्हाबाईच्या अंगणात आले. तिच्यासाठी खाणीतली माती भरून गाडी त्यांनी स्वतः हाकत आणली होती आणि ते नवल पाहायला सारे गाव मागोमाग आले होते. तान्हाबाई चिखल तुडवत होती. ती गडबडून बाजूला झाली. महाराज नेमके तेव्हाच भिक्षेसाठी दारात उभे. हैबतराव त्यांच्या पायांकडे वाकले, तसे महाराज मागे सरले आणि म्हणाले, "पाणी आम्ही आणलं नव्हतं, देशमुख."

हैबतरावांनी डोईचे पागोटे उतरवले.

"मालक, असं नका करू!" तान्हाबाई कळवळून म्हणाली.

पण ज्या गावाने तिला हसताना त्यांना साथ दिली होती, त्या साऱ्या गावासमोर हैबतरावांनी तिच्या चिखलाने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.