गळून पडण्याची आज्ञा

ज्या काळी बैल माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत, त्या काळची ही गोष्ट.

टोपल्या विणणाऱ्या एका बाईला वाटलं होतं, जादूचं राज्य म्हणजे तिथे झाडं लगडलेली असतील आणि माणसं हसतमुख असतील. पण ती पहिल्यांदा तिथे पोहोचली, तेव्हा तिला दिसलं ते वेगळंच. आंबे मोहरलेले होते, पण बारा वर्षं नुसते मोहरलेलेच. मोहर गळत नव्हता, म्हणून फळ धरत नव्हतं. खळ्यावर बैल गोल गोल फिरत होते आणि कणसातून एकही दाणा सुटत नव्हता. लोक रानातले कंद उकडून खात होते. त्यांचं पोट भरत नव्हतं आणि त्यांना मरणही येत नव्हतं.

हे एका राजामुळे झालं होतं. त्या राज्याच्या गादीत जादू होती. गादीवर बसणाऱ्याची एक आज्ञा, फक्त एकच, सारी सृष्टी पाळत असे. राणी वारली तेव्हा राजा रडत रडत म्हणाला, “माझ्या राज्यात यापुढे काहीही गळून पडणार नाही. ना पान, ना प्राण.” लोकांनी आधी त्याचा जयजयकार केला. पुढे त्यांचे भुकेले चेहरे राजाला पाहवेनात, तेव्हा तो राज्य सोडून निघून गेला.

रिकाम्या गादीसाठी तिथे एक रीत होती. खळ्यावरचा सर्वांत म्हातारा बैल मोकळा सोडायचा. तो ज्या दारात थांबेल, त्या घरचं माणूस राज्यावर बसवायचं. बैल निघाला तो थेट सीमेवरची नदी ओलांडून गेला आणि या बाईच्या दारात थांबला. बाईने विणकाम बाजूला ठेवलं आणि काही न विचारता त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवली.

मागून प्रधान धापा टाकत आला. “अरे, आपल्या राज्यात दारं नव्हती का?”

“होती,” बैल म्हणाला. “तुमचंही होतं. तुम्ही काठी घेऊन बाहेर आलात.”

सगळं ऐकून घेतल्यावर बाई म्हणाली, “माझी नऊ वर्षांची मुलगी चार महिन्यांपूर्वी गेली. गादीवर बसले तर मी तिलाच परत मागेन. चालत असेल तर येते.”

बैल म्हणाला, “तू ये तर खरी.”

ती आली. आज्ञा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. संध्याकाळी ती महालाच्या पायरीवर टोपली विणत बसली, तेव्हा एक मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“राणी झालात तरी टोपल्याच विणता?”

“हातांना सवय आहे. कितीची गं तू?”

“सातची. बारा वर्षं सातचीच आहे. एक वर्ष गळून पडल्याशिवाय दुसरं लागत नाही ना. आता आईसुद्धा मोजत नाही.” तिने जिभेने पुढचा दात हलवून दाखवला. “हा तेव्हापासून हलतोय. भाकरी चावता येत नाही. म्हणजे, भाकरी असली तर.”

बाईला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

“बैलाने सांगितलं मला, तुम्ही तुमच्या मुलीला आणणार ना?” मुलीने विचारलं. “आणा की. मला खेळायला हवीच आहे. बाकीच्यांना आता कंटाळा आलाय. ती नऊची ना? मग इथे ती नऊचीच राहील. तिला आधीच सांगून ठेवा, सुरुवातीला मजा वाटते. नंतर नाही वाटत.”

बाईचे हात थांबले. मुलगी दात हलवत निघून गेली.

सकाळी दरबार भरला. बैलालाही दाराशी उभं केलं होतं. बाई गादीवर बसली, पण आज्ञा उच्चारायच्या आधी तिने प्रधानाला जवळ बोलावलं.

“प्रधानजी, तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे?”

“आई आहे, राणीसाहेब. अकरा वर्षं झाली. श्वास चालू आहे, एवढंच.”

“मग घरी जा. तिच्याजवळ बसा.”

तिच्या मनात काय आहे ते प्रधानाला कळलं. त्याचा चेहरा उतरला. “राणीसाहेब, आणि तुमची मुलगी?”

“ती गेली तेव्हा मी बाजारात होते,” बाई म्हणाली. “तिचा हात धरायला घरात कोणी नव्हतं. आज या राज्यात तसं कोणाचं होता कामा नये. दवंडी पिटवा. ज्यांची वेळ केव्हाच होऊन गेली आहे, त्यांच्याजवळ त्यांच्या माणसांनी जाऊन बसावं. सगळे पोहोचले की मला सांगा. तोवर मी थांबते.”

दरबार रिकामा झाला. ती एकटीच गादीवर बसून राहिली. मुलीचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते परत घेतलं. घरोघरची माणसं आपापल्या माणसांजवळ पोहोचल्याचा निरोप आला, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सगळी सृष्टी ऐकेल अशा आवाजात म्हणाली, “ज्याची वेळ झाली आहे, ते गळू दे.”

त्या दिवशी राज्यात पुष्कळ घरांतून रडणं ऐकू आलं, आणि बारा वर्षांनी खळ्यांवर दाणे सुटले.

बोध: आपलं दुःख कितीही खरं असलं, तरी त्यापायी साऱ्या जगाला थांबवून धरण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला तर मुळीच नाही.