केरबा विमानतळावर जावई आणायला गेला

हिंगणवाडीला केरबा नावाचा एक भोळा बाप्या राहायचा. भोळा हा शब्द लोक त्याच्या तोंडावर वापरायचे. माघारी वापरायचे तो शब्द वेगळा होता. सांगाल ते केरबा करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा. म्हणून शहाणी माणसं त्याला काही सांगत नसत.

पण त्याच्या लेकीचं, शेवंताचं लग्न निघालं. नवरामुलगा रणधीर मस्कतला नोकरीला. त्याला रजा मिळाली ती नेमकी लग्नाच्या दिवसापासून. सकाळी विमानातून उतरायचं आणि गोरज मुहूर्तावर बोहल्यावर चढायचं. आणायला जाणार कोण? कामाची माणसं कामात होती. उरला केरबा. लग्नसराईत जीप मिळेना, म्हणून त्याला मिनी बस देऊन धाडला.

त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "अवं, विमानाचा नंबर सातशे बारा. त्यो सोडून दुसरीकडं बघू नगा."

केरबानं बघितलं नाही. विमानतळाच्या फळ्यावर सातशे बारा उमटला की तो दाराकडे पळायचा. तेवढ्यात त्याच ओळीत चार हजार पाच उमटायचा. की हा माघारी. सातशे बारा, पळ. चार हजार पाच, फीर. या पळापळीत त्यानं दोन बायका आणि एक पोलीस आडवा केला.

शेवटी काउंटरवरच्या मुलीनं त्याला थांबवलं. "काका, विमान एकच आहे. दोन कंपन्यांची भागीदारी आहे. एक कंपनी सातशे बारा म्हणून तिकीट विकते, दुसरी चार हजार पाच म्हणून."

"मग उडवतंय कोण?"

"पहिली कंपनी."

"आन् दुसरी काय करती?"

"तिकीट विकते. तुम्ही एवढंच ध्यानात ठेवा, नंबर वेगळा दिसला तरी आत तेच असतं."

केरबाला पटलं. विमानाला उशीर होता, म्हणून तो बसमध्ये टेकायला गेला. बाहेर पांढऱ्या बस ओळीनं उभ्या होत्या. पहिली दिसली तीत तो चढला, पसरला, आणि सीटवरचा डबा उघडून थालीपीठ खाऊ लागला. बस परक्याची होती. थालीपीठ त्या बसच्या ड्रायव्हरचं होतं.

"आरं, नंबर बघितलास का गाडीचा?" ड्रायव्हर ओरडला.

"नंबर वेगळा असला तरी आत त्येच असतंय," केरबा चावत म्हणाला.

ड्रायव्हरनं त्याला मानगुटीला धरून खाली उतरवलं. "ऐक गाढवा! आकड्याला आकडा जुळला तरच ते आपलं. न्हाईतर हात लावायचा न्हाई!"

हे तर केरबाला फारच पटलं.

एवढ्यात रणधीर बाहेर आला. केरबानं त्याला लांबूनच ओळखलं. साखरपुड्यात त्यानंच त्याला टिळा लावला होता. त्यानं रामराम घातला, प्रवास कसा झाला ते विचारलं. मग म्हणाला, "नंबर?"

"कसला नंबर, मामा?"

"विमानाचा."

रणधीरनं तिकीट बघितलं. "चार हजार पाच."

"मग तुमी आमचं न्हाई."

"मामा, मी रणधीर!"

"ते ठीक हाय. आकडा जुळत न्हाई."

रणधीरनं कपाळावर हात मारला. सासूला फोन लावला आणि केरबाच्या कानाशी धरला. हौसाबाईनं सगळं ऐकलं आणि ती कडाडली, "अवं, सातशे बारा काय आन् चार हजार पाच काय, दोन्ही आपलंच! बाकी काय बी इचारू नगा. नंबर ऐका, बसमधी घाला, आन् या!"

इकडे त्याच विमानाच्या लोकांचं पुढचं विमान हुकलं होतं, आणि मुक्कामाला हॉटेल कोण देणार ते कळत नव्हतं. एका खिडकीवर म्हणत, तिकीट आमचं पण विमान त्यांचं. दुसऱ्या खिडकीवर म्हणत, विमान आमचं पण तिकीट त्यांचं. कोटबूट घातलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी माणसं या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घालत होती. तेवढ्यात फेटा बांधलेला एक माणूस ओरडला, "सातशे बारा! चार हजार पाच! दोन्ही आपलंच! चला बसमधी!"

त्यांना मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. एवढी शिकलेली माणसं, पण मेंढरांसारखी त्याच्यामागे निघाली. कुठे नेतोस, हे एकानंही विचारलं नाही.

दिवस कलता कलता बस मांडवाशी थांबली. वाजंत्री सुरू झाली. हौसाबाई औक्षणाचं ताट घेऊन पुढे आली. बसमधून एक जाडा साहेब उतरला. मग त्याची बायको. मग एक गोरा म्हातारा. त्यानं वाकून ओवाळून घेतलं आणि खोलीची किल्ली मागितली. माणसं उतरत राहिली, अक्षता हातात धरून गाव बघत राहिलं. मग बस रिकामी झाली.

"आन् जावईबापू?" हौसाबाईनं बसमध्ये डोकावून विचारलं.

"बसच्या दारात त्यांस्नी नंबर इचारला. तर म्हणाले, नंबर घाला चुलीत, मी जावई हाय." केरबानं फेटा नीट केला. "फोनवर तू जावयाचं नावसुदिक काढलं न्हाईस."