चाखणाऱ्याचं पोट

फार पूर्वी, राजेलोक विषाच्या भीतीनं एकेक घास जपून खायचे तेव्हा, एका दरबारात एक चाखणारा होता. राजाच्या ताटातला पहिला घास त्याचा. मग त्याला पाटावर बसवायचे आणि अख्खा दरबार घटकाभर त्याच्या पोटाकडे टक लावून बघायचा. मेला नाही, की राजा जेवायचा. शेजारी तिरडी बांधून तयार असायची. उगाच खोळंबा नको म्हणून.

चाखणाऱ्याचं पोट रोज दुखू लागलं. गुडगुडायचं, कळ यायची, सारखं पळावं लागायचं.

राजवैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं. "काही दोष नाही. नाटक करतोय."

राजा म्हणाला, "विष असेल तर आचारणीला सुळावर चढवा. नसेल तर हा खोटारडा, याला चढवा. बोल रे, कोण?"

"आमटीत गूळ जरा जास्त झालाय, एवढंच!" आचारीण रडकुंडीला आली.

चाखणारा मात्र हट्टाला पेटला. "कुणीच चढणार नाही. आमटी चांगली आहे आणि माझं पोटही दुखतंय. दोन्ही खरंय."

"असं कसं?"

"काही न खाता नुसते पाटावर बसा, महाराज. की घाबरलात?"

आता सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? राजा बसला. दरबार सवयीनं पोटाकडे बघू लागला. तिरडीवाल्यानं सवयीनंच राजाची उंची मापली.

आधी गुडगुडलं. मग कळ आली. मग महाराज मुकुट तिथंच टाकून पळाले.

ते परत आल्यावर वैद्यांनी नाडी, जीभ, पोट, सगळं तपासलं. "दोष नाही, महाराज."

"मग लिहून घ्या," चाखणारा शांतपणे म्हणाला, "महाराज नाटक करतायत."

"नाटक? अरे, जीव जात होता माझा!"

"माझा रोज जातो."

वैद्यांनी घसा खाकरला. "त्याचं काय आहे, डोकं आणि पोट एकमेकांशी बोलतात. डोकं घाबरलं की पोट पिळवटतं. पोट पिळवटलं की डोकं आणखी घाबरतं. आत जखम नसते, पण कळ खरीच असते."

"हे आधी का नाही सांगितलंत?" आचारणीनं विचारलं.

"आधी पोट राजाचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिरडी हलवली आणि दरबाराला भिंतीकडे तोंड करून बसवलं. चाखणाऱ्याचं दुखणं पुष्कळ कमी झालं. अगदी गेलं नाही. पण दुखलं, की तो मोठ्यानं सांगायचा आणि कुणी त्याला खोटारडा म्हणायचं नाही.

तात्पर्य काय, तर तपासून दोष सापडला नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, मग पोट कुणाचंही असो.