खारीची होडी

समुद्राच्या अगदी काठाला टेकलेल्या एका जंगलात एक खार राहत असे. मागच्या पावसाळ्यात खाडीला पूर आला, काठावरचे एक झाड उन्मळून वाहून गेले आणि त्याच्या ढोलीत झोपलेला तिचा धाकटा भाऊही त्याच्याबरोबर गेला. सगळ्यांनी त्याची आशा सोडली. पण उन्हाळा संपत आला असताना एक कावळा धापा टाकत तिच्या माडावर येऊन बसला. समोरच्या बेटावर तुझा भाऊ मी डोळ्यांनी पाहिला, असे त्याने सांगितले. पाय अधू झाला होता, पण तो जिवंत होता. मात्र बेटावरचे खाणे संपत आले होते, आणि एकदा पावसाळा लागला की समुद्र कुणालाच पलीकडे जाऊ देणार नव्हता.

"आत्ताच्या आत्ता नीघ," कावळा म्हणाला. "जे तरंगेल त्यात बस."

खारीलाही तसेच वाटत होते. समोर नारळाची करवंटी पडली होती, ती तिने खाडीत लोटली आणि आत उडी घेतली. करवंटी भिंगरीसारखी जागच्या जागी फिरत राहिली. मग तिने पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे गळून पडलेले आवरण, ओढत आणली. ती रुंद होती, पसरट होती, उलटण्याची भीती नव्हती. पण खाडीच्या तोंडाशी वारा लागताच ती पाचोळ्यासारखी वाहवत गेली आणि खारीला चिखलात सोडून मोकळी झाली. शेवटी तिला माडाची वाळलेली पोय सापडली. नारळाचा फुलोरा जिच्यातून बाहेर येतो ती ही पोय लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होती. तिच्यात बसताच ती अशी डगमगली, की खार सरळ पाण्यात पडली. पण तोंड जिकडे करावे तिकडे ती सरळ धावत होती, आणि पाठीमागे आणखी एकाला बसायला जागाही होती.

कावळ्याला ती मुळीच पसंत पडली नाही. विरी किती स्थिर होती, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. खार म्हणाली, "खाडीत बसून राहायला विरी चांगली. मला तिकडे पोहोचायचे आहे."

मग मुलांनो, ती कामाला लागली. पोयीच्या भेगा तिने फणसाच्या चिकाने बुजवल्या. दोन्ही टोकांत उंडीची सुकी, हलकी फळे ठासली, म्हणजे पाणी भरले तरी होडी तळाला जाऊ नये. कमरेशी काथ्याची गादी केली, त्यामुळे तिचे अंग होडीत घट्ट बसले आणि डगमग बरीच कमी झाली. लाटांचे पाणी आत येऊ नये म्हणून वर केळीच्या खोडाचे सोपट ताणून बसवले. बांबूच्या कामटीच्या दोन्ही टोकांना शिंपले बांधून वल्हे केले आणि ते सुंभाने होडीला जोडून टाकले.

तरीही ती निघाली नाही. शांत खाडीत जाऊन ती होडी मुद्दाम उलटी करू लागली. पाण्याखाली गेल्यावर घाबरायचे नाही, होडी सोडायची नाही, ती सुलटी करून मागच्या टोकाकडून वर चढायचे, एवढेच ती घोकत राहिली. नाकातोंडात पाणी जाई, डोळे लाल होत. कावळ्याला हे बघवेना.

"तिकडे भाऊ वाट बघतोय आणि तू इथे खेळतेस?" तो म्हणाला.

ते शब्द खारीला लागले. होडी पुन्हा सुलटी करत ती म्हणाली, "मी वाटेत बुडाले, तर त्याच्यासाठी दुसरे कोण जाणार आहे?"

एका निवांत सकाळी ओहोटीबरोबर ती निघाली. कावळा डोक्यावरून उडत होता. खाडी मागे पडली, पाण्याचा रंग गडद झाला. निम्म्या वाटेवर आडवी लाट आली आणि होडी उलटली. कावळ्याला नुसता उलटा तळ दिसत होता. तो वर घिरट्या घालत राहिला. खाली अंधाऱ्या पाण्यात खारीला काही दिसत नव्हते, पण तिचे पंजे न सांगता आपले काम करत होते. होडी सुलटी झाली. खार मागच्या टोकाकडून चढली, दोरी ओढून तिने वल्हे हातात घेतले, आतले पाणी उपसले आणि पुन्हा बेटाच्या दिशेने वल्हवू लागली.

बेटाच्या वाळूवर भाऊ लंगडत लंगडत पुढे आला. चिंब भिजलेल्या बहिणीला हुंगूनही त्याला खरे वाटेना.

"एकटी आलीस?" त्याने विचारले.

"येताना एकटी," खार म्हणाली, "जाताना दोघे."

दुपारच्या भरतीने त्यांना घराकडे आणले. कावळ्याने आधीच जाऊन बातमी दिली होती, त्यामुळे सारे जंगल किनाऱ्यावर लोटले होते. फुटणाऱ्या लाटांवरून होडी सरळ रेषेत धावत आली आणि वाळूत शिरली. भाऊ खाली उतरला, अधू पाय टेकून उभा राहिला, आणि किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला. सर्वांत मोठा आवाज कावळ्याचा होता.

तात्पर्य : धाडसाला तयारीची जोड हवी. योग्य साधन पारखून आणि संकटाची आधीच तालीम करून जो निघतो, तो उशिरा निघाला तरी पोहोचतो.