वैद्यबुवांनी मोजलेली घरं

पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. एका डोंगराच्या पायथ्याशी एक वैद्यबुवा राहत. तापावरचा त्यांचा काढा पंचक्रोशीत नावाजलेला. बरी झालेली माणसं नारळ घेऊन येत, पाया पडत. त्यामुळे बुवा प्रत्येक रोग्याला छातीठोकपणे सांगत, "काढा घे आणि निर्धास्त घरी जा. गुण येणारच."

एकदा ते डोंगरावरच्या वाडीत लग्नाला निघाले. वाटेत तहान लागली म्हणून एका दारात थांबले. घरातल्या बाईनं त्यांना ओळखलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, पण तोंड फिरवून.

"काय चुकलं माझं, बाई?" बुवांनी विचारलं.

"तुमचा काढा घेत असतानाच माझा लेक गेला."

बुवांनी तांब्या न पिताच खाली ठेवला. "मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"लेकराला मूठमाती दिल्यावर वैद्याला सांगायला कोण डोंगर उतरतं, बुवा?"

बुवा लग्नाला गेलेच नाहीत. त्या वर्षी ज्यांना ज्यांना काढा दिला होता, त्या प्रत्येकाच्या दारात ते जाऊन आले. चाळीस घरं झाली. तीस घरांत हसून स्वागत झालं. दहा घरांत कुणी रडलं, कुणी दार लावून घेतलं. म्हणजे चारांतले तीन वाचत होते आणि एक जात होता. उद्या येणाऱ्या रोग्यालाही हाच धोका होता. बुवांना अन्न गोड लागेना.

पुढे एक बाप तापानं फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. "बरी होईल ना?"

"चारांतले तीन बरे होतात," बुवा म्हणाले. "चौथा कोण, ते आधी कळत नाही. म्हणून पोरीला इथंच, माझ्या नजरेसमोर ठेव."

बाप हिरमुसला. "पूर्वी तुम्ही खात्री द्यायचात."

"तेव्हा मला फक्त परत आलेली माणसं ठाऊक होती, बाबा."

तिसऱ्या दिवशी ताप चढला, मुलगी बरळू लागली. बुवा उशाशीच होते. त्यांनी काढा थांबवला, पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, दुसरी मुळी उगाळून चाटवली. संध्याकाळी तिला घाम सुटला आणि तिनं पेज मागितली.

खात्री हवी असणारे काही जण दुसऱ्या वैद्याकडे गेले. बुवांनी कुणाला अडवलं नाही. पण जे त्यांच्याकडे राहिले, त्यांच्यातले दगावणारे दर साली कमी होत गेले.

तात्पर्य: अंदाज बांधायचा तर सगळी घरं मोजावीत, केवळ आनंदाची नव्हेत.