गच्ची आणि गोटी

भिंती-छपरं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका नव्या गच्चीला कोडं पडलं. सगळे तिला सपाट म्हणत, पण मुलांची गोटी दरवेळी पन्हळीकडेच घरंगळे.

"मी सपाट की उतरती?" तिने शेजारच्या कौलांना विचारलं.

"सपाटच! आमच्यावर कुणी कुरडया घालतं का?" कौलं हसली.

खजील होऊन गच्चीने अंग ताणलं आणि ती अगदी सपाट झाली. गोटी हलेना. मग पाऊस आला, तर पाणीही हलेना. ते झिरपून खाली गोदूकाकूंच्या गोधडीवर ठिबकू लागलं. घाबरून गच्चीने अंग सैल सोडलं. पाणी पन्हळीतून वाहून गेलं.

उन्हात गोधडी पसरताना गोदूकाकू शेजारणीला म्हणाल्या, "बघा, आमची गच्ची कशी सपाट!"

गच्चीने गोंधळून गोटीकडे पाहिलं. गोटी पन्हळीच्या तोंडाशी गुपचूप बसली होती.