सासूबाई पिवळ्या झाल्या

राजवाड्यातल्या पंगतीत खुद्द राजांच्या सासूबाई उपाशी राहिल्या! झालं, दुंदुभीराजे भडकले.

तिथला कारभार सगळा संगणकावर. जेवणाऱ्यांची नावं एक्सेलमध्ये चढत, कारकून रंगनाथचा मॅक्रो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आज्ञा, ती निवडून पिवळी करी, आणि पिवळं नाव असेल त्यालाच पान! मॅक्रोत लिहिलं होतं, ए-दोन ते ए-साठ, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून साठाव्या ओळीपर्यंत. हा साठ राजांनीच सांगितलेला. सासूबाई नेमक्या एकसष्टाव्या ओळीत.

"ऐक!" राजे गरजले. "उद्या माणसं कितीही येवोत. मॅक्रो एकदाच लिहायचा, पुन्हा हात लावायचा नाही. शेवटच्या नावापर्यंत सगळं पिवळं, त्याखाली ठिपकासुद्धा नको! चुकलास तर बायकोसकट राज्याबाहेर!"

बायको म्हणजे हौसा. ती पंगतीत वाढायला असे. तिला राज्याबाहेर मुळीच जायचं नव्हतं; दारच्या शेवग्याला नुकत्या कुठे शेंगा धरल्या होत्या.

"सोपं आहे," घरी येऊन रंगनाथ म्हणाला. "वरून खाली जायचं, रिकामी ओळ आली की थांबायचं."

"डोंबल तुमचं! पंगतीत मधलाच कुणी हात धुवायला उठला, तर पुढच्यांना वाढत नाही का आम्ही?"

"मग शेवट कळायचा कसा?"

"अहो, दाराकडून उलटं चालत यायचं, तसं यादीच्या तळातून वर! पहिलं माणूस भेटेल तोच शेवटचा. त्याच्या ओळीचा आकडा 'शेवट' नावाच्या डब्यात, म्हणजे तुमच्या चलात, ठेवा आणि 'ए-दोन ते ए'च्या पुढे तो जोडा. शेवट रोज बदलू दे, मॅक्रो कशाला बदलतोय?"

दुसऱ्या दिवशी राजांनी मुद्दाम मधलीच नावं पुसली, तळाशी झाडून सगळे चोपदार घातले आणि त्यांच्याही खाली सासूबाई. रंगनाथने कळ दाबली. सासूबाईंपर्यंत हळद सांडल्यासारखं पिवळं! खाली सगळं कोरं.

राजांना तेही रुचेना. हौसाची अक्कल आहे हे कळताच त्यांनी तिला पुढे बोलावलं. "शेवट कुठे, हे मला न विचारता ठरवलंस?"

हौसाने हात जोडले. "मागच्या वेळी विचारलं होतं, महाराज. सासूबाई उपाशी राहिल्या!"

रंगनाथने डोळे मिटून घेतले. आधी सासूबाई फिसकन हसल्या. मग राजांना हसावंच लागलं, आणि एकदा सुरू झाल्यावर काही केल्या थांबवेना.

"रंगनाथची नोकरी कायम!" डोळे पुसत ते म्हणाले, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. "आणि आजपासून पंगतीत हुकूम हिचा!"

"मग बसा पानावर, महाराज," हौसा म्हणाली. "भात निवतोय."